मशीनच्या कपाळावरचा कॉइन

देगलूर नाका, नांदेड
२ नोव्हेंबर १९९८

भागवत,

वर 'प्रिय' लिहिलेलं नाही. विसरलो नाही, मुद्दाम लिहिलं नाही.

दिवाळीच्या सुट्टीत तू आमच्या दुकानात जे केलंस त्याची तुला लाज वाटते की नाही, एवढंच विचारायला हे पत्र आहे. आमच्या व्हिडिओ गेमच्या दुकानात नियम एकच. शिव्या चालतात, आरडाओरडा चालतो, घरून हाक आली म्हणून खेळ अर्ध्यात टाकून पळालेलंही चालतं. पण गेममध्ये समोरच्याला धरून आपटायचं नाही. लांबून आग फेक, लाथा घाल, उडी मारून डोक्यावर ये, काय करायचं ते कर; जवळ जाऊन गचांडी धरायची नाही. त्याला अक्कल लागत नाही, आणि आपटला गेलेला पोरगा मग मशीन सोडून खऱ्या माणसाची गचांडी धरतो. म्हणून अब्बांनी तो नियम केला. हे मी तुला सांगायचं? सातवीत असताना नव्या पोरांना हा नियम तूच सांगायचास, तेही हेडमास्तरच्या आवाजात.

आणि त्या दिवशी तू काय केलंस? तुझा तो वाकलेला 'गुरुजी' आणि माझा 'हवालदार'. (मशीनवर त्यांची इंग्रजी नावं काय असतील ती असोत. आपण दोघांनी ठेवलेली ही नावं आता पार नायगावपर्यंत गेली आहेत.) पहिला राउंड माझा, दुसरा तुझा, तिसऱ्यात माझी लाइफ जास्त. सगळं दुकान श्वास रोखून उभं. आणि तू जवळ आलास, धरलंस आणि आपटलंस. उठलो, पुन्हा धरलंस. पुन्हा आपटलंस. पोरं 'चीटिंग, चीटिंग' ओरडून राहिली होती आणि तू माझ्याकडे बघून हसत होतास. अब्बा गल्ल्यावर बसून बघत होते. तू तसाच चपला घालून निघून गेलास. अम्मीनं तुझ्यासाठी वेगळ्या पातेल्यात खिचडी आणि चिंचेचा खट्टा केला होता, तो संध्याकाळी आम्ही बहीणभावानं, तूबानं आणि मी, खाल्ला. तूबा म्हणाली, 'लातूरला जाऊन भागवतभाई मोठे झाले.' मी म्हटलं, मोठा नाही, मस्तवाल झाला.

माझी माफी मागू नकोस. अब्बांची माग.

यासेर


औसा रोड, लातूर
१५ नोव्हेंबर १९९८

यासेर,

पत्र मिळालं. खोलीतल्या पार्टनरनं आधी फोडून वाचलं, त्यामुळे मी मस्तवाल आहे हे आता आमच्या सगळ्या मजल्याला माहीत आहे. आभारी आहे.

चोराच्या उलट्या बोंबा! पूर्ण तिसरा राउंड तू कोपऱ्यात ब्लॉक मारून बसलास. लाइफ जास्त आहे ना, मग वेळ संपेपर्यंत हात वर करून बसायचं. याला कसब म्हणतोस? मी आग फेकली, तू ब्लॉक. लाथ मारली, तू ब्लॉक. अशा माणसाला धरून आपटण्यासाठीच मशीन बनवणाऱ्यानं ती चाल त्यात घातली आहे. त्याला काय नांदेडच्या देगलूर नाक्यावर विचारायला यायचं होतं का? इथं लातूरला बसस्टँडच्या मागच्या दुकानात सगळे धरतात. ज्याला धरून घ्यायचं नाही त्यानं लांब उभं राहावं.

तुला वाटत असेल मी इथं मजा मारून राहिलो. इथं ये आणि बघ. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बारावीला पहिल्या आलेल्या पोरांचे फोटो, फोटोखाली मार्क. शेजारच्या खोलीतला कंधारचा पोरगा दात घासताना सूत्रं म्हणतो. जेवायला सरजाबाईंच्या मेसमध्ये जातो तर त्यासुद्धा वाढताना विचारतात, 'टेस्टला किती पडले रे?' कमी सांगितले तर पोळी गार मिळते, असं आम्ही पोरं म्हणतो. फिजिक्सचे सर मात्र एक गोष्ट खरी सांगतात. म्हणतात, इथं तुमचे मार्क तुमचेच; तुमच्या घरी काय झालं, काय नाही, हे पेपर तपासणाऱ्याला माहीत नसतं. मला हे लई पटलं.

ताहेरचाचांची माफी मी मागणार नाही. दुकान तुमचं, मशीन तुमचं, नियम तुमचा. मग तिथं जिंकलेलं तरी माझं होतं का, हे त्यांनाच विचार.

भागवत


नांदेड
२६ नोव्हेंबर १९९८

भागवत,

शेवटच्या ओळीचा अर्थ काय? मी ती अम्मीला वाचून दाखवली, तूबाला दाखवली. कुणाला कळली नाही. कोचिंगमध्ये असं कोड्यात बोलायला शिकवतात काय?

जिंकलेलं तुझं नव्हतं तर कुणाचं होतं? सगळ्या नाक्याला माहीत आहे की बासी ईदेला, म्हणजे ईदेच्या दुसऱ्या दिवशी, आमच्या दुकानात जो दिवसभर एकदाही हरत नाही त्याचा कॉइन अब्बा भोक पाडून मशीनच्या कपाळावर ठोकतात. नांदेडला आल्यापासून त्या जागेवर तुझ्याशिवाय दुसऱ्या कुणाचा कॉइन बसला आहे का? लातूरला गेल्यावरही मागच्या ईदेला येऊन जिंकून गेलास. मग ही कुरकुर कशाची?

आता ऐक. पोरं रोज म्हणून राहिलीत, भागवतचा कॉइन काढा, तो धरून आपटणारा झाला. मी आतापर्यंत त्यांना गप्प केलं. दुकानात नवीन मोटारगाडीची मशीन आली आहे, बसायला खुर्ची, पायात ब्रेक, सगळं. तिच्यावर धूळ बसून राहिली. जो येतो तो आपल्या त्याच जुन्या मशीनपुढं रांग लावतो. पडदा पिवळा पडला, हवालदाराची डाव्या हाताची बटनं दाबून दाबून खोल गेली, तरी त्यांना तीच पाहिजे. कारण गाडी एकट्यानं चालवायची असते. हिच्यापुढं दोघं खांद्याला खांदा लावून उभे राहतात आणि एकमेकांना मारतात. मग त्या पोरांना वर बघितलं की तुझा कॉइन दिसतो. मी त्यांना काय सांगू? नियम मोडणाऱ्याचा आहे, तरी राहू द्या?

महिनाअखेरपर्यंत वाट बघतो. माफी आली नाही तर पक्कड घेऊन कॉइन काढून टाकीन. मग बोलू नकोस.

यासेर


लातूर
३ डिसेंबर १९९८

यासेर,

काढ. आजच काढ. पक्कड नसेल तर दातानं काढ, पण काढ.

तुला अर्थ कळला नाही म्हणतोस? मग सरळ लिहितो. तुझा चुलतभाऊ अरीब, नायगावचा, सुट्टीत तुमच्याकडं येणारा, जूनपासून इथं आमच्याच क्लासला आहे. एकदा मेसमध्ये पोरांपुढं मी बढाई मारत होतो की नांदेडला मला कुणी हरवलं नाही. तर हा हसायला लागला. म्हणाला, 'अरे, तुला कोण हरवणार? चाचानं आम्हा सगळ्यांना सांगून ठेवलं होतं, ये पोट्टा भूकंप का है, जीतने देव उसकू.' अख्खी मेस हसली. सरजाबाई तेवढ्या हसल्या नाहीत, त्यांनी माझ्या ताटात न मागता भात वाढला. त्या भातानं तर माझं डोकंच फिरलं.

भूकंप का पोट्टा! बारा वर्षांचा होतो. वडील आणि ताई गेले त्या गावात घराची भिंत राहिली नाही, आणि मामा मला नांदेडला घेऊन आले. तेव्हापासून मी जे काही घेतलं ते सगळं कुणीतरी दिलेलं. पांघरूण देताना पुढारी फोटो काढायचे, आम्ही पांघरूण वर धरून उभं राहायचं. शाळेत गणित चुकलं तरी बाई म्हणायच्या, 'असू दे, भूकंपाचा आहे बिचारा.' मामी तिच्या पोरांना मारायची, मला कधी मारलं नाही. कबड्डीत मला कुणी पाडत नव्हतं. तुला माहीत आहे का, कुणी पाडत नाही तेव्हा कसं वाटतं? आपण पोरांत नाही, फोटोत आहोत असं वाटतं.

एकच जागा होती. तुमच्या दुकानातलं ते मशीन. मला वाटायचं, या मशीनला भूकंप माहीत नाही. इथं मी हरलो तर हरलो, जिंकलो तर जिंकलो. तिथं मी जिंकलो, यासेर. घरी जाताना मामाच्या गल्लीतून पळत जायचो. मायला गावी पत्र लिहायचो, 'मी नांदेडात सगळ्यात भारी हाय.' तिला गेम म्हणजे काय ते ठाऊक नाही, पण नव्या वसाहतीतल्या पत्र्याच्या घरात ती ते पत्र शेजारणीकडून वाचून घेऊन ऐकायची. आता मी तिला काय लिहू? तोही सदकाच होता, माय. ताहेरचाचांनी खैरात म्हणून वाटला होता.

दिवाळीत मी मुद्दाम धरलं. तुमचा एकमेव नियम होता, तो मोडला. म्हटलं, आता तरी कुणी चिडेल, आता तरी तू उलटा मला धरून आपटशील. तू धरलं नाहीस. उठलास आणि पुन्हा उभा राहिलास, पुन्हा आपटून घेतलंस. तेव्हाच मला हसू आलं. अरीबवर माझा राग नाही. तो तर बाहेरचा. तू माझा मित्र म्हणवतोस, आणि इतकी वर्षं माझ्या शेजारी उभा राहून मला जिंकू देत होतास.

ताहेरचाचांना सलाम सांग. त्यांनी खोटेपणा केला असं मी म्हणत नाही. त्यांनी कीव केली. ती जास्त वाईट.

भागवत


लातूर
२५ जानेवारी १९९९

यासेर,

पत्राला उत्तर नाही. ईद झाली, बासी ईद झाली, बोलावणं नाही. म्हणजे अरीब खरं बोलला. एवढं दोन ओळींत कळवायला काय हरकत होती?

कपाळावर आता कुणाचा कॉइन आहे?

भा.


नांदेड
९ फेब्रुवारी १९९९

भागवत,

तुझं डिसेंबरचं पत्र वाचून इतका संताप आला की चार वेळा उत्तर लिहिलं आणि चारही वेळा फाडलं. मग म्हटलं, आधी अब्बांना विचारू, ईदेला अरीब येईल त्याला धरू, आणि मगच लिहू. आता सगळं विचारून झालं. नीट बसून वाच.

अब्बांनी सांगितलं होतं. खोटं कशाला बोलू? तू पहिल्यांदा चंद्रप्पामामांसोबत दुकानात आलास तेव्हा कुणाशी बोलत नव्हतास, नुसता पडद्याकडं बघत उभा होतास. तू गेल्यावर अब्बांनी पोरांना बोलावून तेच सांगितलं जे अरीबनं तुला सांगितलं. परवा मी त्यांना विचारलं, असं का केलंत? तर म्हणाले, 'बेटा, मी तवा चुकलो. पोराला खेळ पाहिजे व्हता, मी त्याला दवा दिली.' आणि ते तुझी माफी मागतात. माझ्या अब्बांनी माफी मागितली, ध्यानात ठेव. तू मात्र मागितली नाहीस.

आता अरीबचं. ईदेला आला तेव्हा सगळ्या दुकानापुढं मी त्याला विचारलं, 'तू भागवतपुढं मुद्दाम हरायचास?' छाती काढून म्हणाला, 'हाव, मग?' मी म्हटलं, ठीक आहे, आता आमच्यापुढं मुद्दाम जिंकून दाखव. कॉइन माझा. तो उभा राहिला आणि मशीनच्या पहिल्याच माणसाकडून, ज्याला तूबासुद्धा डोळे झाकून पाडते, त्याच्याकडून आडवा झाला. म्हणे, बटन खराब आहे. नाचता येईना अंगण वाकडं! अरे, हरलेला माणूस बाहेर जाऊन काय सांगतो? मुद्दाम हरलो, हेच सांगतो. दुसरं काय सांगणार? एवढ्या मोठ्या कोचिंगला जाऊन राहिलास आणि एवढं तुला कळलं नाही?

आणि आता माझं.

अब्बांनी सांगितलं तेव्हा मीही बाराच वर्षांचा होतो. मी त्यांचं ऐकलं नाही. दुकान माझ्या बापाचं, मशीन माझ्या बापाची, मी चालायला लागलो तेव्हापासून हँडलला लटकलेला, आणि काल आलेल्या पोराला मी जिंकू देऊ? मी तुला हरवायला उभा राहिलो आणि हरलो. दुसऱ्या दिवशी हरलो. त्यानंतरही हरतच राहिलो. शाळेच्या आधी दुकान झाडायला जातो सांगून मी गुरुजीला कसं मारायचं ते शिकत असायचो. तू गणपती बघायला गेलास की मला वाटायचं, येताना पाय मुरगळो तुझा. भागवत, तुला ठाऊक नाही, सुरुवातीला मला तुझा तिरस्कार होता. दोस्ती नंतर झाली. दोस्ती झाल्यावरही हरणं काही थांबलं नाही.

ती सगळी वर्षं मी खरं खरं हरलो. घामानं, रडून, उशीत तोंड खुपसून हरलो. आणि तू आता एका पत्रात लिहितोस की मी तुला जिंकू देत होतो! तुझं जिंकणं कुणी चोरलं म्हणून तू ओरडतोस. माझं हरणं तू चोरून राहिलास, त्याचं काय? तुझी कीव केली म्हणून एवढी आग, आणि माझ्या इतक्या वर्षांच्या मेहनतीला तू फुकटात खैरात म्हणून टाकलंस. मी काय पुढारी आहे, तुला पांघरूण वाटायला?

दिवाळीत तुला उलटं का धरलं नाही, विचारतोस. कारण मला धरता येत नाही, गाढवा! ज्या दुकानात धरायला बंदी तिथं ते मी शिकणार कुणाकडून? बटनं कोणती दाबतात हेच मला माहीत नव्हतं. मी कोपऱ्यात ब्लॉक मारून बसलो कारण त्या दिवशी जन्मात पहिल्यांदा मी जिंकत होतो आणि भ्यालो होतो.

कॉइन तुझाच आहे. पक्कड घेऊन चढलो होतो. अब्बांनी पाय धरला. म्हणाले, ज्याचा आहे त्याला हरवल्याशिवाय काढायचा नाही. या बासी ईदेला त्यांनी सामनेच ठेवले नाहीत. तुझ्यावाचून काय ठेवायचे, म्हणाले.

आणखी एक. आमच्या जागामालकाला आता दुकानात कोचिंग क्लास पाहिजे. म्हणतो, लातूरसारखं इथंही चालू करू, तुमच्या गेमनं पोरं बिघडतात. त्याचा स्वतःचा भाचा रोज संध्याकाळी आमच्याकडंच असतो, ते सोड. मशीन एप्रिलमध्ये कंधारला जाणार, बसस्टँडजवळच्या एकानं घेतली. बोर्डाचा पेपर संपला की ये. अब्बांनी त्या दिवसापुरता नियम उठवला आहे. धर, आपट, काय करायचं ते कर. मीही अरीबकडून धरायला शिकलोय. सरळपणे हरायला त्याला येत नाही, पण धरायला बरं येतं.

आणि भागवत, दया दाखवलीस तर याद राख.

यासेर


लातूर
५ एप्रिल १९९९

यासेर,

काल रात्री परत पोचलो. जेवलो नाही. सरजाबाई विचारत होत्या पेपर अवघड गेला का. पेपर संपून आठवडा झाला म्हटलं. मग म्हणाल्या, 'मग तोंड का असं?' म्हटलं, हरलो.

तिसरा राउंड मला मान्य नाही, हे आधी लिहून ठेवतो. मी पडलो होतो, उठत होतो, पाय अजून जमिनीवर टेकले नव्हते, तेवढ्यात तू धरलंस. उठणाऱ्याला धरायचं? लातूरच्या त्या बसस्टँडमागच्या दुकानातसुद्धा असं कुणी करत नाही! सगळं दुकान तुझ्याकडून ओरडत होतं. तूबा स्टुलावर चढली होती. अरीब, ज्यानं माझ्याकडून शंभर वेळा मार खाल्लाय, तो 'आपट, आपट' करून राहिला होता. तुला अजिबात लाज वाटली नाही. माझ्या गुरुजीला उचललंस आणि असं आपटलंस की पडदा हलला. मी इतका चिडलो की हँडल हातात येईल की काय असं वाटलं. मला आयुष्यात कुणी असं पाडलं नव्हतं. ताहेरचाचांकडे बघितलं, वाटलं ते तरी काही म्हणतील. ते खाली मान घालून कॉइन मोजत बसले होते आणि हसत होते.

मग तू ओरडलास.

सगळा रस्ताभर बसमध्ये माझ्या कानात तेच होतं. हँडल सोडून तू दुकानाबाहेर पळालास, नाक्यावर रिक्षावाल्यांना मिठ्या मारल्यास, परत आत आलास, पुन्हा ओरडलास, आणि मग मशीनला टेकून चक्क रडायला लागलास. तुझ्या अम्मी, कमरुन्निसाचाची, घाबरून आतून धावत आल्या, त्यांना वाटलं करंट लागला. मी तिथं उभा होतो, हरलेला, चिडलेला, आणि तुझ्याकडे बघत होतो. यासेर, मुद्दाम हरत आलेला माणूस जिंकल्यावर असा रडत नाही. असा रडतो तो ज्याला कधी जिंकताच आलं नाही.

मायला आज पत्र टाकलं. लिहिलं, 'मी नांदेडात सगळ्यात भारी होतो, माय. आता नाही राहिलो.' शेजारीण वाचून दाखवील तेव्हा ती दुसरी ओळ ऐकून वाईट वाटून घेईल. पहिली कधी खोटी नव्हती हे तिला मी गावी गेल्यावर समजावून सांगीन.

ताहेरचाचांची माफी मागतो. धरलं त्याची. तुझी मागत नाही, तू त्याहून वाईट धरलंस.

माझा कॉइन काढून त्या जागी तुझा ठोकून घेतलास, आणि आता ते मशीन तुझा कॉइन कपाळावर घेऊन कंधारला जाणार. जाऊ दे. मेमधली प्रवेशपरीक्षा झाली की मी कंधारला उतरतो. तूही ये. पक्कड मी आणतो.

भागवत